रांग, सोडत आणि शर्यत : जुन्या गेमच्या नव्या टंचाईविषयी

सत्तरी ओलांडलेल्या तत्त्वज्ञानाच्या मास्तरांनी व्हिडिओ गेमच्या बुकिंगवर तासभर बोलायचं, हे ऐकून काही मंडळींना हसू आलं असेल. हसायला हरकत नाही. पण विषय आम्ही मुद्दाम निवडला आहे. २००० सालाच्या आसपास आमच्या वर्गात बसलेली मुलं आज चाळिशीत आहेत. कुणी खारघरला राहतं, कुणी कामोठ्याला, कुणी अमेरिकेत. नोकऱ्या बऱ्या आहेत, घराचे हप्ते चालू आहेत. भेटली की मुलाबाळांची चौकशी होते आणि मग हळूच एक तक्रार येते. ‘सर, लहानपणीचा तो गेम पुन्हा निघालाय, पण मिळतच नाही. बुकिंग बाराला उघडतं, बारा वाजून दोन मिनिटांनी संपलेलं असतं. आणि दुसऱ्या दिवशी तोच डबा दुप्पट-तिप्पट किमतीला भलत्याच माणसाकडे दिसतो.’

या तक्रारीला दोन ठरलेली उत्तरं मिळतात. घरचे म्हणतात, ‘खेळणंच ते, नाही मिळालं तर काय बिघडलं?’ अर्थशास्त्र शिकलेला मित्र म्हणतो, ‘मागणी जास्त, पुरवठा कमी, विषय संपला.’ दोन्ही उत्तरं तक्रार पुरती ऐकून न घेता दिलेली आहेत. आमचं म्हणणं असं की तक्रार खरी आहे, फक्त तिला नाव चुकीचं दिलं गेलंय. लोक म्हणतात, ‘माल कमी आहे.’ आता माल कमी असणं हा काही अन्याय नव्हे. हापूसही कमीच येतो काही वर्षी. पण माल किती आहे, पुन्हा येणार आहे की नाही, आणि आपला नंबर कितवा, या तीन गोष्टी विकणाऱ्याने सांगायच्याच नाहीत, हा मात्र अन्याय आहे. आज आपण तो जरा उलगडून पाहू.

आधी उदाहरण नीट समजून घेऊ. जपानच्या निंटेंडो कंपनीने १५ जुलै १९८३ रोजी ‘फॅमिली कॉम्प्युटर’ नावाचं घरगुती खेळयंत्र बाजारात आणलं. पुढे अमेरिकेत ते ‘एनईएस’ या नावाने गेलं. तेहतीस वर्षांनी, नोव्हेंबर २०१६ मध्ये, कंपनीने त्याचीच छोटी, तळहातावर मावेल एवढी आवृत्ती काढली. नाव ‘एनईएस क्लासिक’, आत तीस जुने गेम भरलेले, किंमत साठ डॉलर. दुकानात आल्याबरोबर संपली. लोक पहाटे दुकानांबाहेर उभे राहिले, आणि तरीही बरेचसे रिकाम्या हाताने परतले. एप्रिल २०१७ मध्ये कंपनीने जाहीर केलं की अमेरिकेत आता हे यंत्र बंद. तोवर जगभरात सुमारे २३ लाख यंत्रं खपली होती. ज्यांना मिळालं नव्हतं त्यांनी मग हताश होऊन दुप्पट-तिप्पट पैसे मोजून दुसऱ्या हातून घेतलं. आणि सप्टेंबर २०१७ मध्ये तीच कंपनी म्हणाली, पुढच्या उन्हाळ्यात आम्ही हे पुन्हा आणतोय! २९ जून २०१८ ला ते परत आलं. त्या जून महिन्यात अमेरिकेत नगांच्या हिशेबात सर्वांत जास्त खपलेलं खेळयंत्र हेच ठरलं. त्या काळातली सगळी नवी, ताकदवान यंत्रं मागे पडली.

मधल्या काळात दुसरा एक प्रकार झाला. याच मालिकेतलं पुढचं यंत्र, ‘एसएनईएस क्लासिक’, सप्टेंबर २०१७ मध्ये यायचं होतं. जुलैमध्ये वॉलमार्ट या बड्या दुकानदाराच्या संकेतस्थळावर त्याचं बुकिंग अचानक उघडलं. लोकांनी धावत जाऊन नोंदणी केली. काही दिवसांनी त्यांना कळवण्यात आलं, तांत्रिक चूक झाली होती, तुमच्या ऑर्डरी रद्द. म्हणजे नंबर लागला, आणि लागलेला नंबर काढून घेतला.

आपल्याकडची गोष्ट आणखी वेगळी. महाराष्ट्रातल्या बहुतेक घरांनी मूळ यंत्र कधी पाहिलंच नाही. नव्वदच्या दशकात आपल्याकडे आल्या त्या त्याच्या नकला. मुंबईहून कुणीतरी आणायचं, वाढदिवसाला किंवा दहावीच्या निकालाला. रंगीत प्लास्टिकची कॅसेट, वर ‘९९९ इन वन’ असं छापलेलं, आणि आत मोजले तर खरे गेम पंधरा-वीस. मारिओ, कॉन्ट्रा, बदकं मारायची बंदूक. कॅसेट चालली नाही की बाहेर काढून फुंकर मारायची. मूळ कंपनीला यातून एक पैसा गेला नाही, हेही खरं. पण मुलांना तो गेम मिळाला, आणि आज त्यांच्या मनात जे घर करून बसलंय ते याच नकलांमुळे. आता कंपनी त्या आठवणीचं अधिकृत रूप विकते, तर आपल्या माणसाला ते अमेरिकेतल्या भावाला सांगून किंवा बाहेरून माल आणणाऱ्या दुकानदाराकडून चढ्या भावाने घ्यावं लागतं. तिकडे बुकिंग बंद झालं की इकडे भाव चढतो. दोन समुद्रांपलीकडच्या टंचाईचा फटका पनवेलला बसतो तो असा.

आणि हे फक्त परदेशातच घडतं असंही नाही. सोनीचं प्लेस्टेशन ५ जुनं यंत्र नव्हे, पण विक्रीची रीत तीच. जगात ते नोव्हेंबर २०२० मध्ये आलं. भारतात बुकिंग उघडलं १२ जानेवारी २०२१ च्या दुपारी बारा वाजता, किंमत ४९,९९० रुपये. काही मिनिटांत सगळीकडे ‘संपलं’ची पाटी. भारताच्या वाट्याला किती नग आले होते, हे ग्राहकाला आधी कुणी सांगितलं नव्हतं.

आता जरा आमच्या शास्त्राकडे वळू. भारतीय दर्शनांत वैशेषिकांनी एक मोठी गमतीची गोष्ट केली. जगात काय काय ‘आहे’ याची यादी करताना पुढच्या वैशेषिकांनी ‘नसणं’ हाही एक स्वतंत्र पदार्थ मानला. त्याला म्हणतात अभाव. अन्नंभट्टांचा ‘तर्कसंग्रह’ ज्यांनी वाचला असेल त्यांना आठवेल, अभावाचे चार प्रकार सांगितले आहेत. त्यातले दोन आज आपल्या कामाचे. पहिला प्रागभाव, म्हणजे वस्तू घडण्याआधीचं तिचं नसणं. मडकं अजून घडलेलं नाही, कुंभार चाकावर बसलाय. या नसण्याला सुरुवात नाही, पण शेवट आहे. मडकं घडलं की तो अभाव संपतो. दुसरा प्रध्वंसाभाव. मडकं फुटलं, त्यानंतरचं त्याचं नसणं. याला सुरुवात आहे, पण शेवट नाही. तेच मडकं पुन्हा येणार नाही.

दुकानाच्या पाटीवर ‘माल उपलब्ध नाही’ असं लिहिलेलं असतं, तेव्हा हा कोणता अभाव? बनायचा आहे म्हणून नाही, की संपला म्हणून नाही? पाटी हे सांगत नाही. आणि गिऱ्हाइकाने काय करायचं ते तर नेमकं यावरच ठरतं. प्रागभाव असेल तर शहाणा माणूस थांबेल. प्रध्वंसाभाव असेल तर एक तर हात जोडून विषय सोडून देईल, नाही तर आजच जास्त पैसे देऊन घेईल. एप्रिल २०१७ मध्ये लोकांना जे सांगितलं गेलं ते प्रध्वंसाभावाचं होतं, मडकं फुटलं. सप्टेंबरात कळलं की कुंभार परत चाकावर बसणार आहे. मधल्या पाच महिन्यांत ज्यांनी काळ्या बाजारात पैसे घातले त्यांचं नुकसान टंचाईने झालेलं नाही. कोणत्या प्रकारचं ‘नाही’ आहे ते लपलेलं राहिलं, म्हणून झालं.

इथे एक सावधगिरी बाळगू. कंपनीने टंचाई मुद्दाम घडवली असं आम्ही म्हणत नाही. हेतू दुसऱ्याच्या मनात असतो, तो सिद्ध करणं अवघड. शिवाय आमच्या युक्तिवादाला त्याची गरजही नाही. मागणीचा अंदाज चुकला असेल, सुटे भाग मिळाले नसतील. तरीही ‘किती’ आणि ‘पुढे काय’ हे सांगता आलंच असतं.

आता वाटपाकडे येऊ. एखादी वस्तू सर्वांना पुरणार नसेल तर ती कशी वाटायची? गरिबी-श्रीमंतीचा प्रश्न बाजूला ठेवला, किंमत सर्वांना एकच धरली, तर मुख्य रीती तीन. रांग, सोडत आणि शर्यत. तिन्ही आपल्या ओळखीच्या आहेत.

रांग आमच्या पिढीला चांगली माहीत आहे. बजाजची चेतक स्कूटर १९७२ मध्ये आली. आकुर्डीचा कारखाना पुण्याजवळच, पण स्कूटर मिळायची ती नंबर लागल्यावर. १९५१ च्या उद्योग कायद्याखाली कारखान्याने किती माल काढायचा ते सरकारी परवान्यावर ठरायचं, त्यामुळे मागणी असूनही उत्पादन वाढवता येत नसे. आठ-आठ, दहा-दहा वर्षं लोक थांबले. मुलाच्या जन्माच्या सुमारास नाव नोंदवलं आणि मुंजीला गाडी आली, असं लोक चेष्टेने म्हणत. त्या व्यवस्थेचं गुणगान करायला आम्ही इथे उभे नाही. ती टंचाई सरकारी धोरणाने निर्माण केलेली होती. तिच्यात ‘ऑन’ देऊन गाडी घेणारे होते, दोन-तीन नावांनी नोंदणी करणारेही होते. पण त्या नोंदणीच्या पावतीवर एक क्रमांक असायचा. तो क्रमांक म्हणजे एक वचन होतं. आज ना उद्या, तुझ्या पुढचे संपले की तुझी पाळी. प्रागभावाला शेवट आहे, याची ती लेखी खूण होती.

सोडत पनवेलकरांना काय सांगायची! सिडकोची स्थापना १९७० ची. नवीन पनवेल, कळंबोली, खारघर ही आपल्या डोळ्यांदेखत उभी राहिली. घरांपेक्षा अर्जदार नेहमीच जास्त. २०१८ च्या योजनेत चौदा हजारांहून अधिक घरं होती, तळोजा, खारघर, कळंबोलीसह पाच ठिकाणी. सोडतीत नाव न आल्याने रडलेली माणसं आम्ही पाहिली आहेत. पण घरं किती, कोणत्या गटाला किती, प्रतीक्षा यादीत कोण, हे जाहीर होतं. सोडतीवर राग काढता येतो, आक्षेप घेता येतो, माहिती मागता येते. नशिबाने हरलेल्या माणसाला निदान एवढं माहीत असतं की तो नशिबाने हरला.

आणि तिसरी शर्यत. बाराला दार उघडणार, जो आधी पोहोचेल त्याचं. वरवर पाहिलं तर ही रांगेची सख्खी बहीण वाटते. ‘प्रथम येणाऱ्यास प्राधान्य’ असं तिला गोंडस नावही आहे. पण नीट पाहा. रांगेत आधी येणं म्हणजे वेळ देणं, आणि वेळ प्रत्येकाकडे दिवसाचे चोवीसच तास असतो. या शर्यतीत आधी येणं म्हणजे सेकंदाच्या कितव्या भागात बटण दाबलं जातं ते. ते माणसाच्या हातातच नाही. तिथे बॉट नावाचे संगणकी हस्तक धावतात, एका माणसाचे शंभर. गाडीत बसलेला, ऑफिसच्या मीटिंगमध्ये अडकलेला, गावाकडे नेटवर्क नसलेला माणूस धावायच्या आधीच हरलेला असतो. अमेरिकेने कार्यक्रमांच्या तिकिटांपुरता बॉटविरोधी कायदा २०१६ मध्ये केला, पण तो खेळण्यांना लागू नाही. आणि मुख्य म्हणजे शर्यत संपली की हरलेल्याच्या हाती काहीच उरत नाही. क्रमांक नाही, यादी नाही, पावती नाही. पुढच्या वेळी पुन्हा शून्यापासून. दहा वेळा हरलेला आणि आज पहिल्यांदा आलेला, दोघे एकाच रेषेवर उभे.

ॲरिस्टॉटलने वाटपाच्या न्यायाबद्दल बोलताना सांगितलं की समानांना समान मिळावं, आणि भांडणं होतात ती समानांना असमान मिळालं की. रांगेत समानता आहे, सोडतीत आहे. शर्यतीत ती असल्याचा नुसता आव असतो.

विरोधाभास पाहा, या जुन्या गेमनी मुलांना नेमकं काय शिकवलं होतं? एक टीव्ही, दोन रिमोट आणि पोरं पाच-सहा. नियम कुणी लिहून दिला नव्हता, पण सर्वांना पाठ होता. मेलास की रिमोट पुढच्याला दे. कुणी जास्त वेळ धरून बसला की मागून ओरडा, ‘ए, माझा चान्स!’ ज्याच्या घरचा टीव्ही त्यालाही पाळी पाळावी लागायची, निदान त्याची आई बघत असली तर. पाळी म्हणजे काय, हे त्या मुलांना वाटपाच्या न्यायावरचा एकही ग्रंथ न वाचता कळलं होतं. त्याच गेमची आठवण आज विकली जाते, आणि विकताना पाळी तेवढी काढून टाकली जाते. आमच्या विद्यार्थ्यांच्या रागाचं मूळ आम्हाला इथे दिसतं. डबा मिळाला नाही याचं दुःख महिनाभरात विरेल. आपली पाळी कुणी मोजलीच नाही, हे मात्र सलत राहतं.

आता आक्षेप घेऊ.

पहिला आक्षेप, ही जीवनावश्यक वस्तू नाही. अगदी मान्य. १९५५ चा जीवनावश्यक वस्तू कायदा धान्य-तेलासाठी आहे, मारिओसाठी नाही, आणि तसंच असावं. सरकारने यात पडावं असं आम्ही मागत नाही. पण वस्तू चैनीची आहे म्हणून व्यवहारातला खरेपणाही चैनीचा होत नाही. सोनाराने चैनीची वस्तू विकताना वजन खोटं सांगितलेलं चालतं का?

दुसरा आक्षेप, किंमत वाढवा, टंचाई आपोआप संपेल. ज्याला जास्त हवं तो जास्त देईल. हा तर्क निदान प्रामाणिक आहे. लिलाव जाहीरपणे करा, आमचं काही म्हणणं नाही. पण इथे कंपनी किंमत कमी ठेवते, ‘सर्वांसाठी’ असं म्हणते, आणि प्रत्यक्ष लिलाव होतो तो तिसऱ्याच्या दारात. फरकाचे पैसे ना बनवणाऱ्याला, ना खेळणाऱ्याला. ‘जास्त हवं’ आणि ‘जास्त पैसे आहेत’ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हा मुद्दा तर आणखी वेगळाच.

तिसरा आक्षेप जरा आमच्याच गोटातून येतो. तृष्णाच दुःखाचं मूळ, मग बालपण डब्यात विकत घ्यायला निघालेल्याने तक्रार कशाला करावी? बुद्धांचं म्हणणं आम्ही हलक्यात घेत नाही. शिवाय या यंत्रांत जे विकलं जातं ते खरं तर दुर्मीळ नाहीच. गेम म्हणजे संगणकाच्या आज्ञा, त्यांची नक्कल हवी तेवढी होते. दुर्मीळ आहे तो प्लास्टिकचा डबा आणि त्यावरचा शिक्का. ज्याला हे उमगलं आणि ज्याने मोह सोडला, त्याला आमचा नमस्कार. पण इच्छा शहाणी की वेडी हा इच्छा करणाऱ्याचा प्रश्न आहे. तिला कसं वागवायचं हा विकणाऱ्याचा प्रश्न आहे. पहिल्याचं वेडेपण दाखवून दुसऱ्याची जबाबदारी झटकता येत नाही.

मग उपाय आहे का? आहे, आणि तो कुणीतरी करूनही दाखवलाय. ॲनालॉग नावाची एक छोटी अमेरिकी कंपनी आहे. जुन्या गेम बॉयच्या कॅसेट चालवणारं ‘पॉकेट’ नावाचं यंत्र ती बनवते. ऑगस्ट २०२० मध्ये त्याचं बुकिंग उघडलं आणि मिनिटांत संपलं, नेहमीची रड. मात्र १४ डिसेंबर २०२१ ला तिने रीत बदलली. नोंदणी उघडी ठेवली आणि लोकांचे तीन गट केले. पहिल्या गटाला यंत्र २०२२ च्या सुरुवातीला, दुसऱ्याला त्याच वर्षाच्या अखेरीस, तिसऱ्याला २०२३ मध्ये. माल तेवढाच, कारखाना तोच, सुटे भाग तेवढेच महाग. लोकांनी दीड-दोन वर्षं थांबायचं कबूल करून पैसे भरले, कारण आपण कोणत्या गटात आहोत ते त्यांना कळलं होतं. प्रागभावाला तारीख मिळाली की माणूस थांबतो. पुढे याच कंपनीने खास रंगांच्या मर्यादित आवृत्त्या काढल्या आणि त्या पुन्हा मिनिटांत संपल्या, हेही सांगायला हवं. रांग लावता येते हे माहीत असूनही शर्यतीचा मोह सुटत नाही.

आपल्या घरचं उदाहरणही ताजं आहे. चेतक विजेवर चालणारी होऊन जानेवारी २०२० मध्ये परत आली, तेही जुन्याच नावावर आणि जुन्याच आठवणीवर. दोन हजार रुपयांत नोंदणी, सुरुवातीला पुणे आणि बंगळूर एवढ्याच शहरांत. मध्ये नोंदणी थांबली. १३ एप्रिल २०२१ ला ती पुन्हा उघडली आणि अठ्ठेचाळीस तासांत बंद करावी लागली. ज्या नावासाठी आपल्या वडीलमंडळींनी दहा वर्षं नंबर लावला, त्याच नावासाठी मुलांना दोन दिवसांची खिडकी मिळाली. परवाना राज गेलं हे फार चांगलं झालं. त्याच्याबरोबर पावतीवरचा क्रमांक मात्र जायला नको होता.

म्हणून आमच्या विद्यार्थ्यांना आम्ही एवढंच सांगतो. पुढच्या वेळी असं काही बुक करायला बसलात तर आधी तीन प्रश्न विचारा. एकूण नग किती आणि भारताच्या वाट्याला किती? संपल्यावर पुन्हा काढणार का, हो की नाही? आणि आज नाही मिळालं तर माझं नाव कुठे नोंदलं जाईल? उत्तर मिळालं नाही तर काळ्या बाजारात एक रुपयाही घालू नका. त्या ‘नाही’चा प्रकार तुम्हाला माहीत नाही, आणि २०१७ मध्ये काय झालं ते आत्ताच सांगितलं. हे प्रश्न एकट्याने विचारले तर कुणी ऐकणार नाही. हजारांनी विचारले तर कुठल्या तरी छोट्या कंपनीला वाटेल की आपण उत्तर देऊन पाहावं.

आम्ही इथे थांबतो. आता प्रश्न घेऊ. हात वर करा, आणि एकेक जण, क्रमाने.